भीमथडी घोडीसाठी जनरल-पर्पज खोगीर : मापं, चाचण्या आणि निवड

कामाची चौकट

घोडी भीमथडी जातीची, वय ९, उंची १२.३ हात. घोड्याच्या उंचीतला हा बिंदू दशांशाचा नव्हे. बारा हात तीन इंच, म्हणजे ५१ इंच किंवा सुमारे १३० सेंमी. हात चार इंचांचा. घोडी आधी धनगरांच्या वाड्याबरोबर फिरलेली, पाठीवर बिऱ्हाड वाहिलेली. आता काम १० ते १४ वयाच्या मुलांना बसायला शिकवण्याचं: मैदानात चाल आणि दुडकी, गुडघाभर उंचीचे अडथळे, अधूनमधून शेतरस्त्यानं फेरी.

खोगीर एकच घ्यायचं आहे. ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) खोगिराचा फ्लॅप (स्वाराच्या पायाखाली येणारी चामड्याची झडप) लांब आणि सरळ, उडीच्या खोगिराचा आखूड आणि पुढे झुकलेला. जनरल-पर्पज या दोहोंच्या मधलं. त्यातही फ्लॅप फार पुढे काढलेलं नको. छोट्या घोड्याच्या खांद्यावर तो फ्लॅप चढतो, आणि तो चढू नये म्हणून आपण अख्खं खोगीर मागे ढकलतो.

४ नोव्हेंबर २०२४ : पाठ

पावसाळ्यातलं गवत संपून अंग स्थिरावल्यावर मापं घ्यायची असं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये घेतलेलं माप नोव्हेंबरात उपयोगाचं राहत नाही.

खरारा करून घोडी सिमेंटच्या सपाट ओट्यावर चारही पायांवर चौरस उभी केली. मान समोर, तोंडात चारा नाही. मान खाली गेली की पाठीचा बाक बदलतो आणि पुढची सगळी मापं फसवी निघतात. मोतद्दारानं (घोड्याची निगा राखणाऱ्यानं) लगाम धरला. बोटांच्या टोकांनी विदर्सपासून (मानेमागे खांद्यांवर असलेल्या उंचवट्यापासून) कमरेपर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकसारख्या दाबानं चाचपले. दचकणं नाही, पाठ खचवणं नाही, कान मागे टाकणं नाही. दुखरी पाठ असती तर खोगिराचं काम इथंच थांबवून आधी पशुवैद्य बोलावले असते. दुखणाऱ्या पाठीवर कुठलंच खोगीर खरं बोलत नाही.

विदर्सच्या दोन्ही बाजूंना रुपयाच्या नाण्याएवढे पांढऱ्या केसांचे डाग आहेत. ओझ्याच्या जुन्या दाबाची ही खूण. केसांना रंग देणाऱ्या पेशी एकदा मेल्या की तिथं कायम पांढरेच केस येतात, त्यामुळे या डागांवरून नव्या खोगिराची परीक्षा होत नाही. शेजारी पट्टी धरून फोटो काढून ठेवले. पुढे डाग वाढला किंवा नवा दिसला तर तुलना करता येईल.

मागून स्टुलावर उभं राहून पाहिलं तर डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला. बहुतेक घोड्यांत हा फरक थोडाफार असतोच. पुढचे खूर नुकतेच तासलेले आहेत आणि दोन्ही सारखे दिसतात, म्हणजे फरक खुरांच्या असमानपणामुळे दिसतोय असं नाही.

वजन टेपनं: छातीचा घेर १४८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १३४ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८७७, उत्तर साधारण २४७ किलो. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांत ठेवायचं, तर ३७ ते ४९ किलो. रिकिबी आणि तंगासह (पोटाखालच्या पट्ट्यासह) खोगीर साडेसहा किलो धरून स्वाराची कमाल मर्यादा ४० किलो ठरवली. मोठ्या माणसांनी 'जरा बसून बघतो' म्हणणं आजपासून बंद.

६ नोव्हेंबर : मापं

साधन: इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सामानात मिळते ती ६० सेंमीची वाकणारी पट्टी, खडू, आलेख कागद, जाड पुठ्ठा.

आधी फऱ्याची (खांद्याच्या रुंद हाडाची) मागची कड चाचपून खडूनं रेघ मारली. मग पुढचा पाय उचलून हळूच पुढे ताणला आणि पुन्हा रेघ मारली. पाय पुढे जातो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे फिरतं. या घोडीत सुमारे ४ सेंमी. खोगिराचं पुढचं टणक टोक या पट्ट्यात आलं तर प्रत्येक पावलाला हाड त्यावर आपटणार. घोडी आखूड पावलं टाकते, उतारावर नाखूश असते, आणि आपण तिला आळशी म्हणतो.

शेवटची बरगडी कुशीत सहज लागते. ती वर आणि पुढे तिरकी जाते, स्नायूंखाली हरवते; तिथून तीच रेघ मणक्यापर्यंत वाढवायची. त्या रेघेच्या मागे पाठीला बरगड्यांचा आधार नाही, तिथं वजन टाकायचं नाही. फऱ्यामागे दोन बोटं सोडून या रेघेपर्यंतचं अंतर ४१ सेंमी. सगळ्या निवडीत हा आकडा पहिला.

वाकत्या पट्टीनं चार आकार घेतले: फऱ्यामागे दोन बोटांवर आडवा, पाठीच्या सर्वांत खोल जागी आडवा, शेवटच्या बरगडीवर आडवा, आणि मणक्यावरून विदर्स ते कंबर लांबीत. पट्टी पाठीवर दाबायची नाही, केसांवर टेकवायची. उचलताना दोन्ही टोकं धरून सरळ वर. कागदावर आतल्या कडेनं रेघ मारून पुठ्ठा कापला.

पहिल्या आकाराच्या माथ्यापासून १० सेंमी खाली रुंदी: डावीकडे १०.५, उजवीकडे ९.७, एकूण २०.२ सेंमी. विदर्स ठळक, त्यामागे दोन्ही बाजूंना किंचित खळगा. लांबीतला आकार मध्ये थोडा खोल. म्हणजे गोलगरगरीत, सपाट पाठीच्या तट्टासाठी बेतलेली रुंद खोगिरं हिच्या कामाची नाहीत.

८ नोव्हेंबर : घोडेस्वारीच्या शाळेतलं जुनं खोगीर 'अ'

१७ इंची, चामड्याचं, लेबलावर 'मीडियम'. घोडीवर टाकायच्या आधीच बाद.

सीटचे इंच म्हणजे पॉमेलच्या (खोगिराच्या पुढच्या उंचवट्याच्या) बाजूच्या खिळ्यापासून कँटलच्या (मागच्या उंचवट्याच्या) मध्यापर्यंतचं अंतर. हे माप स्वाराच्या बुडाचं, घोड्याच्या पाठीचं नव्हे. घोड्याला लागतं ते खालचं पॅनेल, म्हणजे पाठीवर टेकणारी भरलेली गादी, आणि 'अ'चं पॅनेल ४७ सेंमी भरलं. शेवटच्या बरगडीपलीकडे ६ सेंमी. 'मीडियम' या शब्दावरही जाऊ नये. सगळ्या कारखान्यांना बांधील असं एकच माप नसल्यामुळे एकाचं मीडियम दुसऱ्याचं वाइड असतं. पुठ्ठा घेऊनच दुकानात जायचं.

आतला सांगाडा म्हणजे ट्री तपासायची रीत 'अ'वर मोतद्दारांना दाखवली. पॉमेल मांडीला टेकवून कँटल स्वतःकडे ओढायचं: थोडी लवचीक जाणीव चालते, सीटवर आडवी खोल सुरकुती पडली किंवा कट्‌कन आवाज आला तर लाकूड गेलं. मग पॉमेलची दोन्ही टोकं तळव्यांनी आत दाबायची, तिथं अजिबात हलता कामा नये. शेवटी खोगीर उलटं ठेवून मधल्या नाळीतून (दोन पॅनेलमधल्या मोकळ्या जागेतून) लांबवर पाहायचं, नाळ सरळ आणि दोन्ही पॅनेल सारखी हवीत. 'अ'ची ट्री शाबूत आहे. पॅनेलमधला भराव मात्र घामानं गाठी होऊन दगड झालाय.

१३ नोव्हेंबर : तीन पर्याय, रिकामे

सगळी खोगिरं बिनपॅडची, उघड्या पाठीवर. आधी विदर्सवर थोडं पुढे ठेवायचं, मग केसांच्या दिशेनं मागे सरकवायचं. जिथं ते आपणहून अडतं ती त्याची जागा. तंग आवळण्याआधीच निम्मा निकाल लागतो.

'ब': कानपुरी बनावटीचं नवं चामड्याचं, १६ इंची. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथून उत्तम मालही निघतो, पण याच नगात रिकिबी अडकवायचे दोन बार एकमेकांपेक्षा जवळजवळ १ सेंमी वरखाली बसवलेत. अशा खोगिरात स्वार जन्मभर वाकडा बसतो आणि शिक्षक त्याला 'सरळ बस' म्हणून ओरडत राहतो. ते सोडलं तरी पुठ्ठा नाळीत धरला तेव्हा टोकांशी दोन्हीकडे दीड सेंमी फट. रुंद ट्रीचं लक्षण: पॉमेल खाली येतं, सगळं पुढे झुकतं. रिकाम्या खोगिरात विदर्सवर जेमतेम दीड बोट जागा उरली. स्वार बसल्यावरही दोन ते तीन बोटं उरायला हवीत. पॅनेल ४४ सेंमी. बाद.

मोतद्दारांनी जाड फोम पॅड सुचवला. पॅडवर पॅड ही शुद्ध खोगीरभरती. रुंद खोगिराखाली तो थोडे दिवस भागवून नेतो आणि खोगीर डुलायला लागतं; अरुंद खोगिराखाली तर आणखी आवळतो.

'क': सिंथेटिक, १५ इंची, पॉमेलमधली लोखंडी पट्टी बदलता येते असं. विंटेकच्या पद्धतीत या पट्ट्या रंगांनी ओळखतात: काळी मीडियम, हिरवी त्याहून एक पायरी अरुंद, पिवळी अरुंद. हिरवी लावल्यावर पुढचा कोन पुठ्ठ्याशी छान जुळला. पॅनेल ३९ सेंमी, वजन हलकं, पावसात चिंता नाही. सगळ्यांना हेच हवं होतं.

मग सपाट हात पॅनेलखालून पुढून मागे सरकवला. खांद्यामागे घट्ट, मध्ये दोन बोटं सहज शिरतात, मागे पुन्हा घट्ट. पूल झालाय: वजन चार कोपऱ्यांवर, मधला भाग अधांतरी. पट्टी बदलून फक्त पुढचा कोन बदलतो, सांगाड्याचा लांबीतला बाक तसाच राहतो. आत फोमचं पॅनेल असल्यानं भरूनही घेता येत नाही. शिवाय १४ वर्षांच्या मुलीला १५ इंच अपुरं; बसल्यावर बुडामागे चार बोटं सीट उरायला हवी, इथं ती कँटलवरच चढते आणि वजन नेमकं मागच्या दोन कोपऱ्यांवर जातं.

'ड': वापरलेलं चामड्याचं, १६ इंची, लोकर भरलेली पॅनेल, पॅनेलची लांबी ४१.५ सेंमी. मागचं टोक वर उचललेलं असल्यानं पाठीला लागणारा भाग ४० सेंमीच. फ्लॅप उचलून ट्रीच्या टोकाचा छोटा चामडी कप्पा पाहिला: त्याची रेघ घोडीच्या स्नायूच्या रेघेला समांतर. समांतर असणं हीच कोनाची कसोटी. टोक खाली आत रुतत असेल तर ट्री अरुंद, वरच टेकून खाली फट राहत असेल तर रुंद. मधली नाळ पुढून मागेपर्यंत साडेसहा सेंमी, तीन बोटं आरामात; मणक्याच्या काट्यांना आणि त्यालगतच्या बंधांना स्पर्श नाही.

दोष दोन. तंगाच्या पट्ट्यांची शिवण कुजलीय. आणि सीटवर ठेवलेली गोल पेन्सिल घरंगळून मध्याच्या ३ सेंमी मागे थांबते, म्हणजे खोगीर मागे झुकलंय.

मागे झुकण्याची कारणं दोन असू शकतात आणि उपाय उलटे आहेत. ट्री अरुंद असली तर पॉमेल वर अडकतं आणि मागची बाजू खाली जाते. तिथं मागे लोकर भरली तर पुढचा चिमटा आणखी घट्ट होतो. ट्री बरोबर असून मागची लोकर दबली असेल तरच भरून भागतं. इथं कप्प्याचा कोन समांतर आहे, विदर्सवर तीन बोटं जागा आहे (अरुंद असतं तर चार-पाच दिसली असती), आणि मागचं पॅनेल अंगठ्यानं दाबलं तर आतलं लाकूड लागतं. निदान: दबलेली लोकर.

१६ नोव्हेंबर : 'ड' स्वारासह, दुरुस्तीपूर्वी

तंगाचे पट्टे तात्पुरते नवे शिवून घेतले. कुजक्या शिवणीवर मूल बसवायचं नाही, चाचणीपुरतंही नाही. पट्टे तीन असतात: पहिला एका वेगळ्या निवारीवर, दुसरा-तिसरा दोन्ही मिळून दुसऱ्या निवारीवर. म्हणून तंग पहिल्या आणि तिसऱ्याला, किंवा पहिल्या आणि दुसऱ्याला. दुसरा-तिसरा अशी जोडी घेतली आणि ती निवार तुटली तर खोगीर स्वारासकट पोटाखाली. रिकिबीच्या बारची खिटी उघडी ठेवायची, म्हणजे पडलेल्या मुलाचा पाय अडकला तर पट्टा निसटतो.

पाठीवर पातळ पांढरं सुती कापड, वर खोगीर. ३८ किलोची स्वार. अर्धा तास काम, त्यातली दहा मिनिटं दुडकी.

मागून पाहताना खोगीर दुडकीत हळूहळू उजवीकडे सरकतं. भरलेला डावा खांदा त्याला ढकलतोय असं दिसतं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. मागच्या पायाचा सौम्य लंगडेपणाही खोगीर एका बाजूला सरकवतो, आणि वाकडा बसणारा स्वारही. दुसरी स्वार बसवली, सरकणं उजवीकडेच. घोडी हातात धरून कडक जमिनीवर सरळ दुडकीत पळवली, दोन्ही मागचे पाय सारखे पडतात. उरला खांदा.

कापडावरचा घाम खोगीर काढल्याकाढल्या पाहिला. पुढचा आणि मधला भाग सारखा ओला, मागच्या तिसऱ्या भागात डाग गडद आणि मळकट, डावीकडे ट्रीच्या टोकाशी तीन बोटांएवढा कोरडा ठिपका. कोरड्या जागेचे अर्थ दोन: स्पर्शच नाही, किंवा दाब इतका की घाम सुटत नाही. इथं ठिपका लहान, भोवती ओलं, वरचे केस चुरगळलेले, म्हणजे दाब. मागचा गडद डाग निदानाशी जुळतो.

२१ नोव्हेंबर : भराव

खोगीरकाम करणारे चाचा घोडीपाशी येऊन बसले. खोगीर दुकानात नेऊन पुठ्ठ्यावरून भरण्यापेक्षा हे बरं: थोडं भरा, ठेवा, हात फिरवा, पुन्हा भरा.

पॅनेलमध्ये चिरे (कापलेल्या फटी) असतात, त्यांतून टोकाला खाच असलेल्या लोखंडी सळीनं लोकर आत ढकलायची. लोकर आधी बोटांनी पिंजून हलकी करायची. गोळा तसाच आत गेला तर तो पाठीला खड्यासारखा लागतो. मागे दोन्ही बाजूंना सारखी, पुढे फक्त उजवीकडे थोडी, कारण ट्री मोठ्या खांद्याला बेतायची आणि लहान खांद्याकडची पोकळी भरायची. उलट करू नये. लहान बाजूला बेतलं तर मोठी बाजू चिमटते. डाव्या टोकाजवळची दबून कडक झालेली लोकर चाचांनी सळीनं मोकळी केली. एकूण २०० ग्रॅमच्या आसपास गेली.

आणखी भरायचा आमचा आग्रह चाचांनी मानला नाही. "आत्ता कमीच राहू द्या. कमी पडलं तर चिऱ्यातून घालता येतं, जास्त झालं की नीट निघत नाही. फुगलेल्या पॅनेलवर खोगीर डुलतं, पोरगं पडेल." बरोबर आहे. गच्च पॅनेल गोल होतं, पाठीला रुंद टेकायच्या ऐवजी एका रेघेवर टेकतं.

पेन्सिल आता मध्यावर थांबते. कँटल पॉमेलपेक्षा सुमारे २ सेंमी वर, जनरल-पर्पजला ठीक.

२४ नोव्हेंबर : तंग आणि उतार

तंग कोपरामागे चार बोटांवर यायला हवा. तो नेहमी छातीखालच्या नैसर्गिक खोबणीत जाऊन बसतो, आणि खोबण पुढे असेल तर खोगिरालाही पुढे ओढतो. मैदानात खोगीर जागेवर राहतं; शेतरस्त्याच्या उतारावर सुमारे ३ सेंमी पुढे येतं. तंग करकचून आवळणं हा उपाय नाही, श्वास अडतो आणि घोडी तंग बघून चावायला शिकते. दोन टप्प्यांत आवळायचा, स्वार बसल्यावर पुन्हा तपासायचा, एक बोट शिरायला हवं.

उताराच्या फेरीपुरती दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) लावायची ठरली. ती अडकवायची मागची कडी ट्रीत बसवलेली हवी, नुसती चामड्यात शिवलेली कडी पहिल्या झटक्याला उपटते. 'ड'ला कडी नव्हती; चाचा ट्रीत स्क्रू घेऊन बसवून देणार. घोडीचा पार्श्वभाग आणि दुमचीचा पट्टा यांच्यामध्ये तळहात आडवा फिरेल इतकी ढील, शेपटीखालचा गोल भाग रोज पुसलेला आणि मऊ.

रिकिबी स्वाराच्या बुटापेक्षा अडीच सेंमी रुंद. वेगवेगळ्या मुलांसाठी दोन जोड्या ठेवल्या.

२२ डिसेंबर : लोकर बसल्यावर

नवी लोकर पहिल्या काही आठवड्यांत बसते, म्हणून ही तपासणी वगळायची नसते. घामाचा ठसा दोन्हीकडे सारखा, डावा कोरडा ठिपका नाही. सरकणं अर्ध्यावर आलंय, पूर्ण गेलेलं नाही. उजव्या पॅनेलमध्ये पुढे चिमूटभर लोकर घातली. विदर्सवर स्वारासह अडीच बोटं. जुने पांढरे डाग फोटोतल्याएवढेच.

खाली एकेरी सुती पॅड, घालताना नाळीत वर ओढून घ्यायचा. ताणलेला पॅड विदर्सवर दाब देतो आणि सगळ्या मोजमापावर पाणी फिरवतो.

'ड' पक्कं केलं. तबेल्याच्या फळ्यावर लावलेली सूचना: हे खोगीर याच घोडीचं, दुसऱ्या जनावरावर टाकायचं नाही, स्वार ४० किलोपर्यंत, स्टँडवर ठेवायचं, पॉमेलवर उभं टेकवायचं नाही, खरारा आधी, खोगीर नंतर.

१९ जानेवारी २०२५

पाठीचे चारही आकार पुन्हा घेतले, जुन्या पुठ्ठ्यांवर ठेवून पाहिले. पहिल्या आकारात उजवीकडे ९.७ चे १०.० झालेत; विदर्समागचा उजवा खळगा थोडा भरतोय. उजवीकडे घातलेली लोकर आता जास्त ठरू शकते. चाचांना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बोलावलंय, त्याआधी एक घामाचा ठसा घ्यायचा. पुढचा पूर्ण आढावा मे अखेर, आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा.